चाळीस सेकंद

दुपारी दोनपर्यंत इथं साक्षगंध होतं.
मानेवाड्याचं समाजभवन, भाडं अर्ध्या दिवसाचं,
फरशीवर बासुंदीचे चिकट डाग,
मागच्या भिंतीवर थर्माकोलची अक्षरं.
‘चि. सौ. कां.’ काही केल्या निघेना
म्हणून त्याच्यावर काळी चादर.

आज सात नाटकं. एकेक सात मिनिटांचं.
मधे चाळीस सेकंद अंधार,
आणि तो अंधार माझ्याकडे.

दिवसा मी जिल्हा परिषदेत आवक-जावक बघते.
संध्याकाळी काळा कुर्ता, अनवाणी पाय,
एक खुर्ची, लाकडी, हातांची.
पहिल्या नाटकात ती दवाखाना,
दुसऱ्यात बसस्टॉप,
तिसऱ्यात तिच्यावर कोणीच बसत नाही
आणि तेच नाटक.
निकहतनं लिहिलंय, मोमीनपुऱ्याची, बीकॉम दुसरं वर्ष.

बटणांशी पराते, वायरमन.
म्हणतो, “लाइन घालवणं तर माझी नोकरीच आहे,
इथं लोक शिव्या देत नाहीत एवढंच.”

पाचवं नाटक शालिकराम बारसागड्यांचं.
चाळीस वर्षं झाडीपट्टीत काढलेला माणूस.
धान निघालं की बांधीत मंडप,
रात्री दहाला पडदा वर, पहाटे कोंबड्याला खाली.
पहिल्या तालमीला विचारलं त्यांनी,
“मरायले किती वेळ देता?”
“वीस सेकंद, काका.”
ते हसले नाहीत.
“तिकडं मी पाऊण तास मरत होतो, पोरी.
लेक यायची, वैरी यायचा, दोन गाणे व्हायचे.
लोक बिडी ओढून परत येत,
आन् मी असायचोच.”
मग चष्मा पुसत,
“बरं. वीस तं वीस.”

आज सव्वाआठला त्यांनी मान टाकली.
परात्यानं वीस मोजले. नेमके.
काळोख.
मी धावले, खुर्चीला हात घातला.
जड.
“काका, उठा.”
काही नाही.
नऊ. दहा.
माझी बोटं त्यांच्या मनगटावर गेली होती,
तिथं काय शोधत होती ते स्वतःशीही म्हणवेना.
सोळा.
मग कानाशी, खर्ऱ्याच्या वासाचा, सावकाश आवाज:
“थांब नं. अजून गेलो नाही मी.”

थांबले.
पुढच्या नाटकातले दोघं विंगेत,
विंग म्हणजे भांड्यांची खोली,
एकाच्या हातात टाइप केलेला राजीनामा.
तेही थांबले.
चाळीस झाले. पन्नास.
शंभरेक माणसं, त्यातली अर्धी कोणाची ना कोणाची मावशी,
एकही खोकली नाही.
रिंग रोडवर एक ट्रक गिअर बदलत गेला.
मी त्यांच्या पायाशी उकिडवी,
त्या नाटकात नसलेली,
नात्याची ना गोत्याची,
आणि खुर्चीत एक म्हातारा
कोणी बघत नसताना
नीट, पुरतं मरून घेत होता.

मग गुडघे वाजले.
खुर्ची हलकी झाली.

दहाला चौकीदार शिट्टी मारतो. उद्या बारसं आहे.
प्लॅस्टिकच्या खुर्च्या मोजून दिल्या, एकशे बारा,
एकीचा पाय गेला, ऐंशी रुपये कापले.
चादर ओढली तर ‘चि.’ तेवढं खाली पडलं.
पराते वायर गुंडाळत म्हणाला,
“सत्तर सेकंद! मले वाटलं पडली-बिडली तू.”
काका पायरीवर कागदी कपात चहा फुंकत होते,
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

प्रत्येक नाटकाची वेळ मी वहीत लिहिते.
पाचव्यापुढे लिहिलं: सात मिनिटं.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
ऑफिसची सवय,
‘खुर्ची उशिरा प्राप्त.’