वेलांटी

आज तिसरा दिवस मळभाचा.
वहीत तारीख लिहिली, खाली 'मळभ',
आणि पुढे काही सुचेना म्हणून
त्या तीन अक्षरांकडेच पाहत बसलो.
ऊन नाही, पाऊस नाही,
माडांच्या झावळ्या कुणी दम दिल्यासारख्या गप्प.
फेब्रुवारीत वेंगुर्ल्यात असं आभाळ आलं
की माणसं आवाज खाली करून बोलतात.

कुंपणापलीकडे पास्कू
कलमाखाली उभा, मान वर.
मोहोराचा तुरा बोटांत धरून
चिकट लागतो का बघतो.
"तुमचां बरां, मास्तर," म्हणतो,
"शब्दांवर तुडतुडे पडनत नाय."
पडतात रे, पास्कू.
फक्त त्यांच्यावर मारायचं औषध
बाजारात येत नाही.

दहाला वाचनालय.
मुणगेकर बाईंना सर्दी, म्हणून पंखा बंद,
कपाटांतून कसर आणि डांबरगोळ्या.
मी एक प्रवासवर्णन उचललं,
कधी न पाहिलेल्या वाळवंटाचं.
शेवटचा शिक्का एकोणीसशे सत्त्याऐंशीचा.
पान त्रेपन्न: इथे माणसाला
स्वतःचा आवाज ऐकू येतो, असं लेखक म्हणतो,
आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने:
'खरंच?'
सही नाही. अक्षर एखाद्या बाईचं,
किंवा सातवीतल्या आगाऊ मुलाचं.
इतकी वर्षं तो प्रश्न
मिटलेल्या पानात, अंधारात, उभ्याने.

बंदरावर जायचं काही कारण नव्हतं. गेलो.
जयवंत तांडेलाची नवी होडी वाळूत,
निळी, फायबरची, अजून पाणी न लागलेली,
आणि आबू पेंटर 'सु' काढून थांबलेला.
(हाच आबू दशावताराचे पडदे रंगवतो,
त्याच्या इंद्रसभेतले सगळे देव
थोडे थोडे त्याच्या मेव्हण्यासारखे दिसतात.)
"मास्तरानू, बरे गावलात.
सुशिलाची शि पयली काय दुसरी?"
"दुसरी," मी म्हटलं. शाळा सुटून
अकरा वर्षं झाली, तरी बोट आपोआप वर गेलं.
जयवंताने खिशातून आईचं जुनं रेशन कार्ड काढलं.
त्यात पहिली. सरकारी शाईत, शिक्क्यासकट.
आबू म्हणाला, दुसरी काढूया खरी,
पण तिचो दांडो थेट कडीत जाता.
आम्ही तिघं उभे, एका वेलांटीभोवती,
लिलावात सुरमईभोवती उभे राहावेत तसे.
कुणी बोली वाढवेना.

मग जयवंत वाळूकडे बघत म्हणाला,
"तशी सुशिला ती फक्त कागदार.
बाकी सगळ्यांचां तां
सुशलां."

आबूने खडूची रेघ अंगठ्याने पुसली.
श काढला. ला काढला.
वरचा ठिपका देताना श्वास धरला त्याने,
आम्हीही धरला.
तेहेतीस वर्षं मी फळ्यावर लाल खडूने
अशाच ठिपक्यांना गोल केलं होतं.
किती मुलांच्या आया
त्या गोलांत अडकल्या असतील, कोण जाणे.
पिवळा रंग ओघळला नाही.
जयवंताने खिशात कार्ड ठेवलं,
आणि विडी मागितली, मी ओढत नाही हे माहीत असून.

घरी सकाळचं बांगड्याचं तिखलं,
तिरफळाचा वास आता कुठे नीट उतरलेला.
जेवून पान त्रेपन्न पुन्हा उघडलं.
पेन्सिल हातात.
वाचनालयाचा नियम चौथा:
पुस्तकात काहीही लिहू नये.
मुणगेकर बाई परत घेताना
पानं उलटून बघतात.
तरी 'खरंच?'च्या खाली, बारीक अक्षरात,
एक शब्द लिहिला. शुद्ध आहे की नाही
हे तपासलं नाही.

वहीत मात्र अजून 'मळभ', एवढंच.
पलीकडे पास्कू बॅटरी घेऊन
पुन्हा कलमाखाली.
"वारो सुटलो काय रे?"
"अजून नाय," तो म्हणतो,
"पण पानां कान देवन आसत."