खोगीरभरती

केटिलनं पहिला आराखडा काढला
प्लायवूडच्या तुकड्यावर, चपट्या पेन्सिलीनं:
आठ खुंट्या, तीन कपाटं, बसायला बाक,
कॉफीच्या किटलीला वेगळी फळी.
उन्नूर म्हणाली, घोडे माझे चार.
ही खोगीरभरती कुणासाठी?

पागेचं उत्तरेकडचं टोक.
तिथे वडील मेंढ्यांचं मीठ ठेवायचे, मग जाळी,
मग कुणीच काही ठेवलं नाही.
दहा फूट बाय सात. भिंतीला ओल,
आणि दाराखाली उंदरांनी
स्वतःपुरतं काढलेलं दार.

एकतीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात उभी होती,
कॉडचे काटे उपसत, हात बर्फाच्या पाण्यात.
साज तोवर स्वयंपाकघराच्या बोळात.
लगाम कोटांत अडकायचे,
चर्चमध्ये शेजारची बाई नाक मुरडायची.
निवृत्तीला कारखान्यानं घड्याळ दिलं,
ते विकून तिनं पाइप घेतला:
डोंगरातल्या झऱ्याचं कढत पाणी
फरशीखालून फिरवायला.
ऊब हवी, पण बेताची.
चामडं तापलं की तडकतं,
गारठलं की बुरशी धरतं.
माणसाचंही तसंच, केटिल म्हणाला.
तिनं ऐकलं नाही. ती भिंतीवर वीत टाकत होती.

लगामाची खुंटी गोल हवी,
टोकदार नको, पट्टा मोडतो.
मोहरक्या दाराजवळ, अंधारात हाताला लागतील अशा.
रिकिबी वर. तंग सुटे, लोंबते.
खरारे बादलीत, बादली बाकाखाली,
म्हणजे बाक झालाच शेवटी.
आणि किटलीची फळीसुद्धा,
पण ती नालांसाठी, असं ठरलं.

खोगिरांच्या घोड्यांना लाकूड फुकट.
सैबेरियाच्या नद्यांतून सुटलेले ओंडके
वर्षानुवर्षं भटकून या किनाऱ्याला लागतात,
मिठात इतके मुरलेले
की कीड तोंड लावत नाही.
पाच घोड्या कर, ती म्हणाली.
आता खोगीरभरती कोण करतंय,
हे केटिलनं विचारलं नाही.
गावात सगळ्यांना ठाऊक होतं:
सोलरून जर्मनीला गेली तेव्हा
ग्लोद घोडी विमानातून तिच्यासोबत गेली.
बेट सोडून गेलेला घोडा परत येत नाही, कायदा आहे.
वापरलेलं खोगीरही येत नाही,
परक्या घामातून रोग येतो म्हणून.
मुलींसाठी तसा कायदा नाही.

घोडं पेंड खाल्लं ते खिडकीपाशी.
केटिलच्या पुस्तकात होतं, कुठल्याशा दक्षिणेच्या देशातलं:
साजाच्या खोलीला खिडकी उत्तरेलाच ठेवा,
तिथून ऊन कधी येत नाही.
दोघांचा जन्म इथला,
आणि दोघांनीही माना डोलावल्या.
जानेवारी होता. सकाळी अकराला दिवे.
सूर्य कुठून येतो
हे जानेवारीत कुणाला आठवतं?

जूनमध्ये, रात्री साडेबाराला,
मोसीच्या खुराला लेप लावून ती आत आली
तर खोलीत कुणीतरी होतं.
ऊन. समुद्रावरून सरळ, आडवं,
तांबूस, जुन्या पितळेसारखं,
खिडकीतून शिरून
पाचव्या घोडीवर बसलेलं, दोन्ही बाजूंनी पाय टाकून.
बाकी चार खोगिरं सावलीत, तेल प्यायलेली, गप्प.

ती बाकावर बसली. बूट काढले नाहीत.
ऊन बोटभर सरकलं, मग आणखी बोटभर,
मग लाकडाच्या गाठीवर थोडं थांबलं
आणि उतरलं.

सकाळी तिनं केटिलला चिठ्ठी धाडली:
पुस्तक चुकलं. खिडकीला आतून झडप लागेल,
फळीची, बिजागरी डावीकडे.
घाई नाही.
ऑगस्ट सरला की ये.