किरकोळ

यंदाही माझं नाव यादीत शेवटी,
नावापुढे : चपला, पाणी, किरकोळ.
किरकोळ म्हणजे काय, हे मिरजेच्या आमच्या चर्चमध्ये
तीन शिबिरं झाली तरी कुणी सांगितलं नाही.
मला आता पाठ झालंय.
पोट दुखलं तर ओवा.
फ्यूज उडाला तर बार्नबासला घरून उठवणं.
जतच्या पोरींच्या बाथरूमला कडी नाही,
म्हणून दाराला पाठ लावून उभं राहणं,
आणि आतून "ताई, आहेस ना?" आलं की
"आहे" म्हणणं.

आत गिटार सुरू होतं.
एकशे शहाण्णव पोरं एकदम टाळ्या धरतात.
व्हरांड्यात गाणं पोचत नाही,
फरशीतून नुसता कंप येतो तळव्यांना.
मी खडूनं नंबर घालत बसते.
बावन्न : पट्ट्याला सेफ्टीपिन.
त्र्याण्णव : नवी कोरी, आतून स्टिकरही काढलेला नाही,
हिला आईनं शिबिरासाठीच घेतली असणार.
एकशे चार : टाचेला काळी माती, वाळून भेगाळलेली,
पलूसकडची.

शनिवारी पावणेआठला गॅस गेला.
भात अर्धा कच्चा.
आत फादर इग्नेशियस नेमके
पाच भाकरी आणि दोन माशांवर आलेले.
मी मनात म्हटलं, फादर,
तिथं भाकरी भाजून झालेल्या होत्या.

समोरचे नदाफचाचा
सिलिंडर स्वतः गडगडवत घेऊन आले.
"सकाळी द्या की. पोरं उपाशी निजवता व्हय?"
मी ते चमत्कारात धरलं नाही.
वहीत लिहिलं :
सिलिंडर एक, नदाफ, परत करणे.

साडेदहाला दिवे मालवले. आराधना.
घंटी वाजली तेव्हा मी मागच्या अंगणात,
पातेल्यात कोपरापर्यंत.
शेजारी रेमंड आवळे, आष्ट्याचा, नंबर एकशे सतरा,
न सांगताच येऊन राख चोळायला बसलेला.
"आत नाही गेलास?"
"माझं आन् देवाचं बोलणं बंद हाय.
आई गेल्यापास्नं."

यावर बोलायचं एक वाक्य
स्वयंसेवकांच्या बैठकीत शिकवलं होतं.
चांगलं होतं वाक्य. मला तोंडपाठही होतं.
मी त्याला दुसरा काथ्या दिला,
पहिला झिजला होता.

घंटी पुन्हा वाजली.
दोघांचेही हात थांबले, त्याचे जरा आधी.
मग त्यानं पातेलं उपडं घातलं,
करपलेला भात नखानं खरवडू लागला.

खरं सांगायचं तर
माझंही त्याच्याशी फार बोलणं होत नाही.
जुन्या जोडप्यासारखं झालंय आमचं :
टाकी भरली का, दिवा घालव,
उद्या लवकर उठायचंय.
कधी कधी तर तेवढंही नाही.
पण घरात दुसरं माणूस आहे, हे कळत असतं
भांड्याच्या आवाजावरून.

रविवारी मिस्सा झाला, निरोप झाले,
गळ्यात पडणं, रडणं, फोन नंबर.
दुपारी दोनला शेवटचा टेंपो गेला
आणि व्हरांड्यात एक जोड उरला.
नंबर नसलेला. माझ्याहून दोन बोटं मोठा.
बराच वेळ मी वही चाळत राहिले,
मग खाली, माझ्या पायांकडे पाहिलं.
सगळ्यांच्या चपलांवर खडू ओढला,
माझ्यावर ओढायचा राहिला.

तो जोड पायात सरकवला,
आणि नवा भरलेला सिलिंडर ढकलत
गल्ली ओलांडली, फटक फटक.
नदाफचाचा पायांकडे बघत म्हणाले,
"कुणाच्या गं या?"
"ठाऊक नाही, चाचा.
माझ्या एव्हाना आष्ट्याच्या पुढं गेल्या असतील."
"मग?"
"चालतंय की."
त्यांनी सिलिंडर आत घेतला,
आणि चहा टाका म्हणून आत हाक दिली.