दोन ते आठ

खोक्यावर छापलेलं असतं: दोन ते आठ.
ते अंश.
मोबाईलवर मेसेज येतो: दोन ते आठ.
ती वेळ, पोरगा येण्याची.
बाहेर साखर पेठेत त्रेचाळीस.

गुरुवारी टोचायचं होतं.
आज सोमवार.
फ्रिजचा मधला कप्पा मी बुधवारीच मोकळा केला,
शेंगाचटणी खाली, दही दाराला.
पंगतीत पान वाढून ठेवावं
आणि तो माणूस यावाच नाही,
तशी ती जागा. दार उघडलं की दिसते.

भाग्या पुण्याहून नंबर पाठवते, लांबलचक.
मी तो करंगळीनं दाबते.
तेवढी एकच अजून ऐकते माझं.
पार्सल हडपसरहून निघालं.
पार्सल टेंभुर्णीला पोचलं.
पार्सल हडपसरला.
परत का गेलं, ते कुठंच लिहिलेलं नाही.
पोरीला बघायला मला दिवाळीपासून जमलं नाही,
माझं औषध मात्र दोनदा जाऊन आलं.

फोनवरची मुलगी गोड बोलते.
चोवीस तासांत होईल मॅडम.
मी विचारते, कुठले चोवीस?
ती जरा थांबते. मग बासरी लागते.

शुक्रवारी मनगट.
शनिवारी दोन बोटं, सकाळी पाव भाजावा तशी फुगलेली.
रविवारी अंबादासनं माझ्या ब्लाऊजचे हूक लावले.
तीस वर्षं मागावर,
तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारा हात,
आणि हुकाशी चुकला.
एक घर वर गेलं सगळं.
मी सांगितलं नाही. दिवसभर तसंच वागवलं.

आमच्या गावाला वाट बघायला शिकवावं लागत नाही.
नळ चौथ्या दिवशी येतो, नाहीतर पाचव्या,
तोही रात्री दोनला, शेजारीण भिंतीवर थापटते तेव्हा.
पण पाणी भरून ठेवता येतं.
पिंप आहे, घागरी आहेत, पातेलीसुद्धा.
हे नाही भरून ठेवता येत.
एकावेळी एकच सुई, पंधरा दिवसांची.
उसनी मागायला जावं
तर कुणाच्या दारात जाऊ?

अंबादास म्हणतो, वस्तदी.
त्याच्या आईची भाषा. येईल, येईल.
बोनसलाही तो हेच म्हणायचा.

पावणेपाचला फोन. काकू, गल्ली सापडंना.
अंबादास छत्री घेऊन कन्ना चौकात गेला,
पोराला घेऊन आला.
मल्लिनाथ नाव. शर्ट पाठीला चिकटलेला.
दोन तांबे पाणी प्यायला, मग म्हणाला, सही करा.
काचेवर, बोटानं.
मी केली. नाव कसलं,
गुंता झालेला दोरा उमटला.
चालतंय म्हणाला.

खोकं उघडलं.
बर्फाच्या पिशव्या पातळ, कोमट,
आणि कोपऱ्यातला पांढरा ठिपका
लाल झालेला.
पोरगा ठिपक्याकडं बघत होता.
माझी काय चूक न्हाई ओ काकू,
गाडी मोहोळला बंद पडलेली, कालपासनं उन्हातच.
मला ठाऊक होतं ते.
तरी मी त्याला एकदम नाही म्हटलं नाही.
थोडा वेळ जाऊ दिला. तेवढं माझ्याकडं होतं.

फोनवरची मुलगी: वापरू नका मॅडम. दुसरं पाठवतो.
उद्या. दोन ते आठ.

सुई परत गेली. पिशव्या ठेवून घेतल्या.
मागच्या सहा महिन्यांच्या धरून चौदा झाल्यात.
दोन यल्लव्वा नेते, पोराला ताप आला की.
एक मटणावाल्यानं मागितली होती, दिली नाही.
रात्री गोठलेली एक मुठीत धरून बसले,
मूठ वळत नव्हती, तरी.
गार गार, औषधाच्या ओळखीतलं काहीतरी.

दोनला भिंत वाजली.
घागर अंबादासनं धरली.
तोटी मी कोपरानं सोडली.