पन्नास ओहमचं टोपण

ओउलूला डिसेंबरात दोन वाजताच दिवस आवरतो.
कॅलिब्रेशनच्या खोलीत त्या वेळी
मी एका सिग्नल जनरेटरला लाल चिठ्ठी बांधत होतो:
नादुरुस्त. दुप्पट बोलतो.

त्याच्या पडद्यावर एक व्होल्ट,
माझ्या स्कोपवर दोन.
तीन दिवस मी त्याला खोटा ठरवत होतो.
केबली बदलल्या, फ्यूज काढून उजेडात धरला,
शेजारच्या बाकावरून दुसरा स्कोप उसना आणला.
तोही म्हणाला, दोन.

इर्मेली केस्तिला,
निवृत्तीला अडीच महिने उरलेली,
लोकरीच्या मोज्यांवर सपाता घालून वावरणारी,
आली, कॉफीचा मग माझ्या नोंदवहीवर ठेवला
(गोल डाग अजून आहे, पान बेचाळीस)
आणि एप्रनच्या खिशातून काढलं
अंगठ्याच्या पेराएवढं निकेलचं टोपण.
स्कोपच्या तोंडाशी टी-जोड,
जोडाच्या मोकळ्या कानात टोपण.

रेघ खाली बसली. एक.

"खोटं नव्हता बोलत तो.
पलीकडे पन्नास ओहमचं कुणीतरी आहे
असं धरून आकडा लिहितो.
निम्मं स्वतःच्या पोटात ठेवतो, निम्मं त्याला देतो.
तुझा स्कोप दहा लाखांचा.
त्याच्या अंगाला काही लागत नाही."

ड्रॉवरमध्ये तसलंच आणखी एक सापडलं,
टीव्हीच्या केबलीचं, पंचाहत्तरचं.
लावलं. एक पूर्णांक दोन.
"चालेल?" मी विचारलं.
"टीव्हीला चालेल."

मग तिने दहा मीटर केबल उलगडली,
लांबचं टोक उघडंच
बाकाच्या कडेवरून लोंबू दिलं,
आणि स्कोप जनरेटरच्या अगदी ओठाशी जोडला.
लाटेची कड सरळ उभी चढायला हवी होती.
दिसली पायरी.
आधी एक व्होल्ट, सपाट, शंभर नॅनोसेकंद.
मग दोन.

"पन्नास जायला, पन्नास परत यायला.
तोवर त्याला माहीत नसतं
पलीकडे कोणी आहे की नाही."

"आणि मग?"

"मग कळतं."
तिने मग उचलला आणि निघून गेली.

मी ती पायरी पाहत बसलो,
बाहेर बर्फ उकरणारं यंत्र
दिवा फिरवत दोनदा येऊन गेलं तोवर.

तौनोकाकाचा केमीहून दर रविवारी फोन येतो.
मी तो टेबलावर ठेवतो, आवाज मोठा करून,
आणि बटाटे सोलतो.
सगळं ऐकतो. विचारा, एकूण एक सांगेन:
कोणाच्या बोटीचं इंजिन, कोणाचा गुडघा.
ऐकतो; ऐकून घेत नाही.
आणि काका प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतो,
दुसऱ्यांदा मोठ्याने:
नळ गोठलाय. नळ गोठलाय, म्हणतोय मी!
वय झालं, अशी चिठ्ठी
मी त्यालाही बांधून टाकली होती.

लेम्पीकाकू होती तेव्हा
तो बोलायचा आणि ती विणता विणता
श्वास आत ओढत म्हणायची, यो,
आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं,
शब्द बाहेर न सोडता
आत घेऊन.
त्या घरात कोणी आवाज चढवल्याचं
मला आठवत नाही.

त्या रविवारी मी सुरी खाली ठेवली.
तो म्हणाला, समुद्र आता पायी चालण्याइतका धरलाय.
मी म्हणालो, यो.
जमलं नाही. घशात अडकल्यासारखं झालं.
पलीकडे शांतता,
शंभर नॅनोसेकंदांपेक्षा बरीच लांब.

"सर्दी झालीय का तुला?"

मग बर्फाखालच्या जाळ्याचं सांगितलं,
त्यात अडकलेल्या पाईक माशाचं,
ते जाळं शिवायला आता
कोणी नाही याचं.
मासा केवढा होता ते दोनदा सांगितलं.
बाकी सगळं एकदाच.

माझं टोपण बहुधा पंचाहत्तरचं असावं.