शेवटची गाठ आधी

त्सेत्सेर्लेगच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
जमिनीवर मी आणि एर्खेस.
मध्ये मेंढीच्या घोट्याची सतरा हाडं.
परदेशातून आलेले प्लॅस्टिकचे मणी
पेटीतच आहेत. त्याला ते आवडले नाहीत.
मलाही.

हाड जसं पडेल तसं त्याचं नाव:
घोडा, उंट, मेंढी, बोकड.
मधल्या बोटानं टिचकी मारायची,
घोड्यानं घोड्याला गाठायचं.
एर्खेसची टिचकी हवेतच विरते.
सात वर्षांचा आहे. बोटं त्याचीच,
पण डोक्यातून निघालेला निरोप
वाटेत कुठेतरी चहाला थांबतो.

शाळेत त्याला आळशी म्हणतात.
मी त्याच्या बाईंना चिठ्ठी पाठवली:
दोन्ही हातांत लोकरी मोजे घालून
एकदा सुई ओवून पाहा, मग बोलू.
उत्तर अजून आलेलं नाही.

हाडं गोळा करून आता देल.
वडिलांच्या जुन्या देलातून
आईनं बेतून शिवलेला, आत कोकराचं कातडं.
पाच गाठी, पाच फासे:
गळ्याशी एक, छातीवर एक, काखेत एक,
कुशीला दोन.

हा धडा आम्ही शेवटून शिकतो.
चार गाठी मी लावते, पाचवी त्याची,
म्हणजे काम पुरं करणारा तोच.
ती जमली की तीन माझ्या, दोन त्याच्या.
माझ्या नोकरीत बढती असेल तर ती एवढीच:
महिन्यामागून महिना
थोडं थोडं कमी लागत जाणं.

यात सगळ्यात अवघड काय असतं,
उलानबातरहून आलेल्या शिकाऊ मुलीनं विचारलं.
मी तिला माझे हात दाखवले.
मांडीखाली दाबून बसले होते मी ते,
तरी अंगठे वळवळत होते.

त्याच्या आईला, ओदगेरेलला, हे शिकवणं
त्याहून कठीण.
पहाटे अकरा याकांच्या धारा काढायच्या,
बाहेर उणे एकतीस,
शाळेची गाडी डोंगराच्या वळणावर दिसायला लागलेली,
आणि तुम्ही म्हणता, वाट बघ?
तिचं खरं आहे.
धीर धरायला नुसता धीर पुरत नाही,
चुलीत लाकडंही लागतात.
मी माझं म्हणणं अर्ध्यावर आणलं:
फक्त रविवारी. फक्त एक गाठ.

एका रविवारी तिचा फोन आला.
चुलीशेजारी बसलाय, चाळीस मिनिटं झाली,
कुत्रासुद्धा कंटाळून बाहेर गेला.
कुठली गाठ?
गळ्याची.
ती दिसत नाही ना स्वतःला.
तिथे बोटांनाच डोळे फुटावे लागतात.
फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही,
फक्त लाकूड तडतडल्याचा आवाज,
आणि मग ती हळूच म्हणाली,
मी लावली शेवटी. रडायला लागला होता.
मी म्हटलं, बरं केलंस.
खरंच बरं केलं होतं तिनं.

काल तो आला तेव्हा
पाचही गाठी लागलेल्या होत्या,
सगळ्या एकेक फासा चुकून.
कॉलर कानाला टेकलेली,
पोटाशी देल फुगलेला, तिथून वारा आत.
ओदगेरेलचा हात पुढे झाला,
माझ्याकडे बघून
खिशात गेला.
कोणी लावल्या, मी विचारलं.
त्यानं उत्तर दिलं नाही.
असल्या सोप्या प्रश्नाला कोण उत्तर देतं.

तो माझ्याकडे बघत होता.
घाईत निघाले होते मी घरून,
माझी कुशीची गाठ सुटलेली.
तुझी एक राहिलीय, तो म्हणाला.
मी चाचपलं. सापडेना,
बोटं गारठली होती.

एर्खेस समोर येऊन बसला,
दोन्ही हात मांडीखाली सरकवले,
आणि थांबला.