सहा, मग आठ

वडिलांच्या जुन्या विंडोजमध्ये,
ज्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा,
तीनशे सतरा गाणी निघाली.
टपालाची गाडी चालवायचे ते, रोडोपीच्या डोंगरात.
पत्र द्यायचे, आणि बाईला गाता येत असेल
तर उंबऱ्यातच बसायचे.
रेकॉर्डर सीटखाली, लोकरीच्या मोज्यात.

मी ती गाणी प्लोवदिवला आणली.
दिवसा मी कवळ्या घासते, दुसऱ्यांचे दात,
रात्री माझा लिनक्स.
उघडली तर आवाज तेच, नावं परकी:
कुठल्या अक्षराला टोपी, कुठल्याला कडी,
कुणाच्या डोक्यावर दोन ठिपके,
जणू उत्तरेच्या बंदरात उतरलेले खलाशी
आमच्या बायकांच्या खुर्च्यांवर येऊन बसलेत.
बिघडलं काहीच नव्हतं.
आतले आकडे जसेच्या तसे,
फक्त वाचणाऱ्याने कोष्टक दुसरं धरलं होतं.

फाइलीला नाव दोन ठिकाणी असतं, तेव्हा कळलं.
एक कपाळावर, एक टाचेत.
टाचेतलं जुनं. तिथे तीसच अक्षरं मावतात,
म्हणून ‘धाकट्या दिराच्या लग्नात मेंढ्या परत आ’
इथेच थांबतं.
मेंढ्या आल्या का, ठाऊक नाही.

महिनाभर बसून सगळी नावं युनिकोडमध्ये आणली,
टाचेतली खरवडून टाकली,
आणि वेलिझारला पाठवली, वडिलांच्याच मशीनवर.
त्याचा फोन: ताई, तू सगळं पुसलंस.
त्याच्याकडे रांगाच्या रांगा कोऱ्या.
माझ्या प्रोग्रॅमने टॅग लिहिले दोन पॉइंट चारचे,
त्याचं विंडोज दोन पॉइंट तीनपर्यंतच शिकलेलं.
पुसलं नाही रे, तुला दिसत नाही, मी म्हटलं.
हे वाक्य आमच्यात आधीही एकदा झालं होतं,
शेताच्या वाटणीवेळी.

परत बसले. एक आवृत्ती मागे आले.
मागे येण्यात कमीपणा नाही.
घाटात समोरून ट्रक आला की वडील असेच यायचे,
आरशात बघत, शीळ घालत.

मग त्याला नावं दिसली.
आणि मला दिसला शेऱ्याचा रकाना,
जो त्याच्या पडद्यावर कधी उघडलाच नव्हता:
‘सेल संपत आले.’
‘हिचे दोन लेव्ह द्यायचेत.’
‘नवरा मंगळवारी गेला. तरी गायली.’
‘मागे वेलिझार रडतोय. पुन्हा घ्यायचं.’

पुन्हा घेतलेलं नाही. मी शोधलं.

उरलं एक, दोनशे सहावं.
कधीतरी, कुठल्यातरी प्रोग्रॅममधून जाताना
त्याची अक्षरं खरोखरच गेली.
सहा प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, आठ प्रश्नचिन्हं.
टोपी घातलेल्या अक्षराला घरी आणता येतं.
प्रश्नचिन्हाच्या पोटात प्रश्नचिन्हच निघतं.
मोजणी तेवढी प्रामाणिक राहिली.

रविवारी फोनवर बोटं घालत
आम्ही गावातल्या बायका घेतल्या, एकेक.
तो म्हणतो वेलिका केहायोवा.
आमच्या लिपीत सहा, आणि आठ.
मी म्हणते स्तोयका हाजिएवा.
तीही सहा, आणि आठ.
दोघी गेल्या, एका कुंपणावरून
वीस वर्षं अबोला धरून.
गाणं पुन्हा लावलं. बाई गाते, मधेच थांबते,
कुणाला तरी म्हणते, दार लाव,
आणि जिथे सोडलं तिथूनच उचलते.
त्या ‘दार लाव’वरून त्याची खात्री पटते
आणि माझीही.

त्याने त्याच्याकडे नाव लिहिलं असेल.
मी विचारलेलं नाही.
माझ्याकडे अजून सहा, मग आठ.
शेऱ्यात फक्त एवढं घातलंय:
दार कुणीतरी लावलं. ऐकू येतं.